वर्षातून एकदा नाटक पाहणाऱ्यासाठी ‘एकच प्याला’

(झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एका गावच्या वाचनालयात, मंडईच्या, म्हणजे सुगीनंतरच्या गावजत्रेच्या, दोन दिवस आधी दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ राखून थोडं संपादन केलं आहे.)

मंडळी, परवा रात्री आपल्या पटांगणात ‘एकच प्याला’ उभं राहणार आहे. धान कापून झालंय, पाहुणे यायला लागलेत, दिवसा दंडार, म्हणजे आपलं लोकनाट्य, होईल आणि रात्री नाटक. दरवर्षीचाच हा शिरस्ता आहे. या वेळी फरक एवढाच की नव्या, हसवत-रडवत नेणाऱ्या नाटकाच्या जागी शंभर वर्षांपूर्वीचं आणि शेवटी सगळं संपवून टाकणारं नाटक आपण निवडलं आहे. म्हणून गेल्या आठवड्यापासून लोक दोन प्रश्न विचारत आहेत. ‘ती जुनी भाषा आम्हांला समजेल का?’ हा पहिला. दुसरा जास्त खरा आहे. ‘वर्षातून एक रात्र मिळते, तीही रडायला कशाला घालवायची?’

दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो. शोकांतिका ही रोज नाटक पाहणाऱ्या शहरी रसिकांसाठी जन्माला आली, असा एक समज आहे. तो चूक आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये वसंतातल्या देवाच्या उत्सवात शोकांतिका व्हायच्या. डोंगराच्या उतारावर, उघड्यावर, भर दिवसा. एक नाटककार एका दिवसात तीन शोकांतिका सादर करायचा आणि मागून एक हलकं नाटक. बघायला हजारो माणसं बसायची, त्यांत शेतकरी होते, कारागीर होते, व्यापारी होते. त्यांनाही नाटक वर्षातून एक-दोनदाच मिळायचं. म्हणजे त्यांचीही ती मंडईच होती. त्या सगळ्यांना गोष्टीचा शेवट आधीपासून ठाऊक असायचा. ईडिपस राजा शेवटी स्वतःचे डोळे फोडून घेतो, हे लहान पोरालाही माहीत असायचं. तरी ते यायचे. पुढे काय होणार हे कळावं म्हणून ते येत नव्हते. हे असं कसं झालं, नेमकं कुठून बिघडलं, ते डोळ्यांनी पाहायला येत होते.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की ‘एकच प्याला’ची गोष्ट आधी पूर्ण माहीत करून घ्या. शेवटासकट. आज मी ती सांगणारच आहे. ‘सांगू नका, मजा जाईल’ असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. रहस्याच्या नाटकाची मजा जाते, शोकांतिकेची वाढते. गोष्ट ठाऊक नसली की आपलं निम्मं डोकं हा कोण, ती कोणाची बहीण, आता हे कुठे आले, यातच अडकून राहतं. त्यात सुधाकराचा चेहरा पाहायचा राहून जातो.

तर ऐका. सुधाकर हा हुशार वकील. आई-बापाविना वाढलेला, स्वतःच्या बळावर वर आलेला आणि फार मानी. त्याची बायको सिंधू श्रीमंत घरातली. पद्माकर हा तिचा भाऊ. सुधाकराची बहीण शरद लहानपणीच विधवा झालेली. रामलाल हा जिवाभावाचा मित्र, नाटकाच्या सुरुवातीला तो विलायतेला निघतो. तळीराम हा सुधाकराचा कारकून, पक्का दारुडा, त्याची बायको गीता. एक दिवस कोर्टात सुधाकराचं मुन्सफाशी वाजतं आणि त्याची सनद काही काळासाठी रद्द होते. सनद म्हणजे वकिली करायची परवानगी, मुन्सफ म्हणजे दिवाणी कोर्टातला खालच्या पायरीचा न्यायाधीश. हे दोन शब्द लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्या अंकात काय घडलं तेच निसटून जाईल. अपमानाने पेटलेल्या सुधाकराला तळीराम म्हणतो, दुःख विसरायचं असेल तर घ्या, एकच प्याला. तो घेतो. तिथून घर उतरणीला लागतं. पैसा जातो, अब्रू जाते. सिंधू माहेरी जात नाही, माहेरचं काही घेत नाही, लोकांचं दळण दळून पोट भरते. मध्ये एकदा सुधाकर खरोखर दारू सोडतो, काम शोधायला बाहेर पडतो, लोक त्याला उभं करत नाहीत, आणि तो पुन्हा बाटलीकडे वळतो. शेवटी नशेत त्याच्या हातच्या काठीने तान्हं मूल मरतं आणि सिंधूच्या जिवावर बेततं. फौजदार येतो तेव्हा ती नवऱ्याचं नाव घेत नाही, आपणच पडलो असं सांगते. सुधाकर विष घेतो. दोघांचाही शेवट होतो.

झाली गोष्ट. इतकी साधी आहे. आता तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या मोहल्ल्यातलंच घर झालं. बरोबर आहे, आणि नेमका इथेच एक धोका आहे.

आपला गडचिरोली जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. या मुलखातल्या बायांनी दारूविरुद्ध मोर्चे काढले आहेत, भट्ट्या फोडल्या आहेत. मोहफुलाची दारू कशी गाळतात आणि तिच्यापायी घर कसं गळतं, हे इथं कुणाला नाटकातून शिकायची गरज नाही. म्हणून ‘एकच प्याला’ म्हणजे दारूबंदीचा प्रचार, असं ठरवून बसलात तर पहिल्या अर्ध्या तासात तुम्हांला वाटेल की हे सगळं आपल्याला माहीत आहे, आणि लक्ष उडेल. दारू वाईट, हे या नाटकाचं उत्तर नाही. तो एक प्याला त्या माणसाच्या ओठापर्यंत पोहोचला कसा, हा या नाटकाचा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचं उत्तर एका शब्दात आहे. मान.

हे जरा उलगडून सांगतो, कारण परवा रात्री जे पाहायचं ते हेच आहे. सुधाकराला वर आणलं कशाने? मानी स्वभावाने. कुणापुढे हात पसरला नाही, वाकला नाही, म्हणून पोरका मुलगा वकील झाला. मुन्सफापुढे त्याला अडवलं कशाने? त्याच स्वभावाने. दोन दिवस गम खाल्ली असती, तर सनद गेली नसती. सासरच्या पैशाने संसार सावरला असता, तो का सावरू दिला नाही? मान आड आला. दारू सोडल्यावर लोकांनी चार शब्द टोचून बोलले, ते का सोसवले नाहीत? तेच कारण. ज्या खांबावर घर उभं होतं, तोच खांब घरावर पडला. अ‍ॅरिस्टॉटल या जुन्या ग्रीक विचारवंताने शोकांतिकेच्या नायकाबद्दल जे म्हटलं, त्याचा अर्थ असा की तो पूर्ण सज्जनही नसावा आणि पूर्ण दुष्टही नसावा. आपल्यासारखाच, पण थोडा मोठा, आणि एका चुकीने कोसळणारा. तेव्हा आपल्याला त्याची करुणा येते आणि स्वतःबद्दल भीती वाटते. दुष्ट माणूस पडला तर आपण टाळ्या वाजवतो. सुधाकर पडताना टाळी वाजवावीशी वाटली, तर नाटक फसलं असं समजा.

आपल्याकडच्या परंपरेबद्दल एक वाक्य. भरतमुनींनी करुण रस सांगितला, शोक हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेला भाव, पण संस्कृत नाटक शेवटी गोड व्हायचं आणि मरण रंगमंचावर दाखवायचं नाही असा दंडक होता. भासाचं ‘ऊरुभंग’ हा त्याला ठळक अपवाद, त्यात दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो. मराठीत सामान्य घरातल्या माणसाची पूर्ण शोकांतिका इतक्या ताकदीने उभी केली ती राम गणेश गडकऱ्यांनी.

आणि गडकऱ्यांचा शेवट आपल्याच विदर्भातला आहे. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला आजारपणात ते आले, आणि २३ जानेवारी १९१९ ला तिथेच गेले. वय ३३ होतं. ‘एकच प्याला’ त्यांनी लिहून ठेवलं होतं, पण रंगमंचावर आलेलं पाहिलं नाही. ते गेल्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्याला केलं. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व. भरजरी शालूत शोभणारे बालगंधर्व सिंधूसाठी फाटकं लुगडं नेसून उभे राहिले, आणि लोकांनी तेही डोक्यावर घेतलं. वेशभूषेची ही गोष्ट वरवरची नाही. परवा सिंधूचं लुगडं प्रत्येक अंकात बघा. चांगलं दिग्दर्शन असेल तर ते अंकागणिक विटत-फाटत जातं. जर चौथ्या अंकातही तिच्या अंगावर चमकती जरी दिसली, तर समजा की कपड्याच्या पेटीने नाटकावर मात केली.

आता पाहण्याच्या जागा. पाच अंकांचं नाटक सगळं सारख्या लक्षाने पाहणं कुणालाच जमत नाही, आणि तसं पाहायची गरजही नाही. माझ्या मते चार ठिकाणी जागं राहायलाच हवं.

पहिलं ठिकाण पहिल्या अंकाच्या शेवटी आहे. पहिला प्याला. इथे तळीरामाकडे बघू नका, सगळे त्याच्याकडेच बघतात कारण तो बोलतो. सुधाकराच्या हाताकडे बघा. स्टेजवर त्या पेल्यात कोरा चहा नाहीतर रंगवलेलं पाणी असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही चांगला नट त्या पेल्याला हात लावण्याआधी थांबतो. हात पुढे जातो, मागे येतो, बोटं मिटतात. ते थांबणं म्हणजे सगळं नाटक. कारण पुढे सुधाकर स्वतःच्याच तोंडाने सांगतो की दारू सोडण्याची वेळ एकच असते, पहिला प्याला घेण्याआधीची. त्या वाक्याला वजन येतं ते या थांबण्यामुळे. नट जर पेला उचलून घटाघट प्यायला, तर पुढचे चार अंक नुसते परिणामांची यादी होतात.

दुसरं ठिकाण म्हणजे सिंधूचं दळण. जातं आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या बायांनी ओढलं आहे, तेव्हा त्यांची नजर इथे दिग्दर्शकापेक्षा तीक्ष्ण असेल. खुंटा एका हातात, दुसऱ्या हाताने मूठ-मूठ दाणे जात्याच्या तोंडात. ओढताना जोर खांद्यातून आणि कमरेतून येतो, मनगटातून नाही. नवख्या नटीचं जातं नुसतं गरागरा फिरतं, पीठ पडत नाही, आणि पदाच्या तालाशी हात जुळत नाही. खरं दळण जड असतं, थांबत-थांबत चालतं. श्रीमंत घरातली लेक हे काम करते आहे, म्हणजे तिच्या हाताला ते नवं आहे. ती चुकत-माकत दळायला हवी. याच सिंधूच्या तोंडी तान्ह्या बाळाला घास भरवण्याचं पद आहे. ज्या घरात दुसऱ्याचं पीठ दळलं जातं, तिथे स्वतःच्या लेकराचा घास किती असेल, हे त्या पदाच्या मागे उभं असतं. पदावर टाळी वाजवायचा मोह होईल. थोडा आवरा.

तिसरं ठिकाण बरेच लोक विसरतात, आणि कितीतरी मंडळं वेळ वाचवायला नेमकं तेच कापतात. दारू सोडलेला सुधाकर काम मागायला फिरतो, तो भाग. हा कापला की सुधाकर नुसता दुष्ट नवरा उरतो. हा ठेवला की आपण सगळे नाटकात येतो, कारण त्याला दारात उभं न करणारी माणसं आपल्यासारखी सभ्य माणसं आहेत. दारू सोडलेल्या माणसाला आपण गावात कसं वागवतो? कामाला लावतो का? पैसे हातात देतो, की ‘पिऊन टाकील’ म्हणून त्याच्या बायकोच्या हातात देतो? काही वेळा दुसरं करणंच शहाणपणाचं असतं, हेही खरं. पण त्याला काय वाटत असेल ते या भागात दिसतं. आयोजकांपैकी कुणी इथे बसलं असेल, तर हात जोडून सांगतो, दुसरं काहीही कापा, हे नको.

चौथं ठिकाण फौजदाराचा प्रवेश. मरणाच्या दारातली सिंधू खोटं बोलते आणि नवऱ्याला वाचवते. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाने या जागी पतिव्रतेला हात जोडले. आज तसेच जोडावे, असं मी सांगणार नाही. ज्या बाईचं मूल मारलं गेलं तिने गप्प राहावं, हा आदर्श आपण आपल्या लेकींपुढे ठेवू शकत नाही. पण ‘जुन्या काळचं खूळ’ म्हणून हसून सोडून देणंही चुकीचं आहे. सिंधू दुबळी नाही. भाऊ न्यायला येतो तेव्हा ‘कशि या त्यजू पदाला’ म्हणत ती नकार देते, माहेरची पै घेत नाही, कष्ट करते. तिच्यातही मानच आहे, सुधाकराइतकाच कडक, फक्त तो निष्ठेच्या कपड्यात आहे. सुधाकराचा मान त्याला बुडवतो, सिंधूचा मान तिला. मला हे नाटक दोन शोकांतिकांचं वाटतं, एकीवर दुसरी रचलेली. तिच्या शेजारी गीता ठेवून बघा. तीही दारुड्याची बायको, पण जीभ चालवणारी. गडकऱ्यांनी दोघींना एकाच नाटकात ठेवलं, ते उगाच नाही.

तळीरामाबद्दल सावध करतो. तो आणि त्याचं आर्यमदिरामंडळ, म्हणजे दारुड्यांची सभा, हा नाटकातला हसवणारा भाग आहे. तिथे हसायचंच आहे, मोकळेपणाने हसा. सभेत दारूच्या बाजूने जे युक्तिवाद होतात ते इतके चतुर आहेत की क्षणभर पटतात, आणि ते पटावेत अशीच लिहिणाऱ्याची इच्छा आहे. बिघाड होतो तो वेगळा. तळीरामाचं काम करणारा नट लोकप्रिय असेल, शिट्ट्या मिळाल्या, की तो पदरचे विनोद घालतो, दहा मिनिटांचा प्रवेश अर्ध्या तासावर जातो. मग शेवटचा अंक पहाटे अडीचच्या जागी चारला येतो, लोक पेंगतात, आयाबाया लेकरं घेऊन घरी निघतात, आणि मूल मरतं तेव्हा समोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. शिट्ट्या प्रेक्षकांच्या हातात आहेत. त्या जपून वापरल्या तर शेवटचा अंक वाचतो.

दारुड्याचा अभिनय कसा ओळखावा, हेही सांगतो, कारण आपल्या गावात परीक्षकांची कमतरता नाही. कच्चा नट पहिल्या प्याल्यापासून झोकांड्या खातो, जीभ जड करतो. पण पिणारा माणूस सुरुवातीला उलट वागतो. आपण प्यायलेलो नाही हे दाखवण्यासाठी तो जास्त सरळ चालतो, जास्त नीट बोलतो, शब्द तोडून-तोडून उच्चारतो, दाराच्या चौकटीला हात लावूनच आत येतो. चांगला सुधाकर दुसऱ्या अंकात असा दिसेल. झोकांडी शेवटी यायला हवी, आणि तीही थोडीच. शेवटी त्याच्या हातात काठी असते, हे विसरू नका. तिथे नट फार हलला तर प्रेक्षक हसतात, आणि त्या जागी आलेलं हसू नाटकाला मारून टाकतं.

भाषेकडे येतो. गडकऱ्यांचं वाक्य लांब असतं. एका गोष्टीला तीन-तीन उपमा, एका उपमेतून दुसरी निघते. प्रत्येक शब्द पकडायला गेलात तर पाच मिनिटांत दमाल. युक्ती साधी आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. उपमा कानावरून वाहू द्या, शेवटचं क्रियापद पकडा. ‘अमुक तमुक... सोडणार नाही’, ‘अमुक... बुडालं’. एवढं पकडलं की प्रवेश कळतो, उपमांची गोडी दुसऱ्यांदा पाहताना घेता येते. पदांचं तसंच. पद सुरू झालं की गोष्ट थांबते, घड्याळ थांबतं. पहिल्या ओळीचे शब्द नीट ऐका, कारण मग तीच ओळ फिरून फिरून येते आणि चाल मोठी होत जाते. ‘वन्स मोअर’ हा संगीत नाटकाचा जुना रिवाज आहे आणि आपल्याकडे तो अजून जोरात आहे. पहिल्या दोन अंकांत खुशाल द्या. चौथ्या-पाचव्या अंकात देऊ नका. जी बाई आत्ता तुटून गेली, तिला परत उभं राहून तेच गायला लावलं की तुटणं खोटं पडतं.

मूळ नाटक पूर्ण पदांसकट केलं तर पाच तासांच्या खाली येत नाही. शहरात ते तीनेक तासांत बसवतात. आपल्याकडे रात्र आपली असते, तरी काटछाट होणारच. भगीरथ आणि शरदचं उपकथानक कापायचा मोह सगळ्यात जास्त होतो. ते आखडा, पण काढू नका. भगीरथही पिणारा आहे, आणि तो दारू सोडून माघारी येतो. तो नाटकात नसला तर प्रेक्षकाला वाटतं की प्यायलेला माणूस बुडणारच, दुसरी वाटच नाही. मग सुधाकराचं बुडणं नशिबाचा खेळ होतं. भगीरथ परतला म्हणून सुधाकराचं न परतणं बोचतं. तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य भांडतात तो प्रवेश मात्र खुशाल निम्मा करा.

बसायची जागा. स्टेजच्या अगदी समोरच्या दोन-तीन रांगा टाळा. तिथे पेटी-तबला आणि प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी कानावर येतो, आणि सुधाकर काय म्हणणार ते तुम्हांला त्याच्या आधी कळतं. दोन्ही बाजूंच्या लाऊडस्पीकरपासूनही लांब बसा, शब्द फाटतात. मधोमध, स्टेजपासून साधारण वीस-पंचवीस पावलांवर चेहराही दिसतो आणि आवाजही एकसंध येतो. कानाने अधू असलेल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र पुढेच बसवा, उजेडात ओठ दिसतात. साउंडवाल्याला एक विनंती. गाण्यासाठी वाढवलेला आवाज बोलण्याला तसाच ठेवू नका. सिंधू शेवटी कुजबुजते. माइक चढा असेल तर ती ओरडल्यासारखी वाटते, आणि उतरवला तर काहीच ऐकू येत नाही. शेवटच्या अंकाआधी त्या नटीला स्टेजवर उभं करून, कुजबुजवून आवाज लावून घ्या.

दुपारी दोन तास झोपा. रात्री पोटभर जेवून येऊ नका, मध्यंतरापर्यंत डोळे मिटतील. थंडी उतरते तेव्हा नाटकाचा शेवट चालू असतो, म्हणून घोंगडी-चादर सुरुवातीलाच जवळ ठेवा. मध्ये उठून घरी आणायला गेलात तर नेमकं चौथं ठिकाण चुकेल.

लहान मुलांचं काय, हे बऱ्याच जणींनी विचारलं. मूल मारलं जातं ते नाटकात आहे, आणि नट चांगले असतील तर ते अंगावर येतं. सात-आठ वर्षांखालच्या लेकरांना तिसऱ्या अंकानंतर घरी पाठवलेलं बरं, ती तेव्हा झोपलेलीही असतात. मोठ्या मुलांना आधी गोष्ट सांगून आणा. आणि ज्यांच्या घरात हे सगळं खरंच घडतंय किंवा घडून गेलंय, त्या बहिणींसाठी एक गोष्ट. कडेला, वाटेजवळ बसा, सोबत एखादी जवळची बाई असू द्या. मध्येच उठावंसं वाटलं तर उठा, त्यात नाटकाचा अपमान नाही. बचत गटाच्या बायांना विनंती, त्या रात्री अशा घरातल्या बहिणींजवळ बसा.

नाटक संपल्यावर लगेच ‘कोणाचं काम चांगलं झालं’ या चर्चेत शिरू नका. आधी एकमेकांना एवढंच विचारा, सुधाकराला कोण, कुठे अडवू शकलं असतं? रामलाल? विलायतेला गेला नसता तर? सिंधू, माहेरी गेली असती तर? मुन्सफ? काम न देणारे लोक? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल, आणि त्यावर भांडण झालं तरी चालेल.

वाचनालयात नाटकाच्या दोन प्रती आहेत. उद्या दुपारी तीनला इथेच मोठ्याने वाचन ठेवलं आहे. पूर्ण नाही, पहिल्या अंकाचा शेवट, काम शोधण्याचा भाग आणि फौजदाराचा प्रवेश, एवढंच. दीड तास लागेल. सुधाकर वाचायला एक मोठ्या आवाजाचा माणूस हवा आहे, सिंधूला दोन जणी तयार आहेत. तळीराम वाचायला कुणी येतंय का, ते जाताना सांगून जा.